शून्यावर पडलेला दुसरा ब्लॉक

डेबियन १२ च्या जुन्या इन्स्टॉलेशन इमेज जिथे जपून ठेवल्या आहेत, तिथे १२.२ नंतर थेट १२.४ येते. मधली १२.३ ठरली होती शनिवारी, ९ डिसेंबर २०२३ रोजी. पॅकेजं तयार होती, ती वाटणाऱ्या मिरर सर्व्हरवर जायला लागलीही होती. मग सगळं थांबवावं लागलं. त्या आवृत्तीबरोबर जाणारं ६.१.६४ हे लिनक्स कर्नल ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवर एका विशिष्ट पद्धतीने लिहिलेला डेटा चुकीच्या जागी टाकत होतं, आणि लिहिणाऱ्या प्रोग्रामला मात्र काम नीट झाल्याचं कळवत होतं.

हा दोष एका छोट्या चाचणीने जवळजवळ दोन आठवडे आधी पकडला होता, आणि या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच. त्या चाचणीला खरी डिस्कसुद्धा लागत नाही. ती एक साधी फाइल घेते, लूप डिव्हाइसच्या मदतीने तिलाच डिस्क बनवते, तिच्यावर फाइल सिस्टिम घालते, दोन ब्लॉक लिहिते आणि परत वाचून बघते. तिने सांगितलेलं खरं होतं. तरीही शनिवार उजाडला. तो कसा उजाडला, ते तासांच्या हिशेबात मांडतो. तास त्या शनिवारच्या दुपारपासून मागे मोजले आहेत आणि ते अंदाजे आहेत. तारखा पक्क्या आहेत.

३,६७० तास आधी: जुलै २०२३

लिनक्स ६.५ ची पहिली चाचणी-आवृत्ती आली. तिच्यात ख्रिस्तोफ हेलविग यांचा एक लहानसा बदल होता, आयओमॅप नावाच्या थरातला.

फाइलमधला कुठला भाग डिस्कवर कुठे आहे हे विचारणं आणि त्यानुसार वाचणं-लिहिणं, हे काम प्रत्येक फाइल सिस्टिमने आपापलं वेगळं करण्याऐवजी एका ठिकाणी व्हावं, यासाठी आयओमॅप आहे. तो मुळात एक्सएफएसमधून बाहेर काढलेला. कर्नल ५.५ पासून ईएक्सटी४ सुद्धा डायरेक्ट आयओसाठी त्याच्यावर विसंबते. डायरेक्ट आयओ म्हणजे कर्नलच्या पेज कॅशला वळसा घालून प्रोग्रामच्या मेमरीतून थेट डिस्कवर लिहिणं.

लेखन संपलं की आयओमॅप फाइल सिस्टिमने दिलेलं एक फंक्शन बोलावतो आणि तिचं काही उरलंसुरलं काम असेल तर ते उरकून घेतो. ते फंक्शन एक आकडा परत देतं. त्यानंतर फाइलमधली पोझिशन पुढे सरकवायची असते. वहीत लिहिताना जिथे पेन थांबलं तिथून पुढचं वाक्य सुरू होतं, तशी ही पोझिशन: पुढचा ब्लॉक कुठे पडायचा हे तीच ठरवते. जुन्या कोडमध्ये पोझिशन सरकायची ती परत आलेला आकडा बरोबर शून्य असेल तरच. हेलविग यांनी ती ओळ थोडी खाली नेली. आता आकडा ऋण नसला, म्हणजे चूक झालेली नसली, की पोझिशन सरकते.

बदलाचं शीर्षकही एवढंच सांगत होतं की पोझिशन थोडी उशिरा अद्ययावत करा. हे आवराआवरीचं काम होतं. यात कुठला दोष दुरुस्त होत नव्हता, त्यामुळे जुन्या शाखांमध्ये हा बदल नेण्याचं कुणालाच कारण दिसलं नाही. ६.१ ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी शाखा. डेबियन १२ तिच्यावर उभी आहे, आणि तिच्यात जुनाच कोड राहिला.

६५० तास आधी: १२ नोव्हेंबर

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. त्या रविवारी लिनक्स ६.७ ची पहिली चाचणी-आवृत्ती आली. तिच्यात सूझेचे यान कारा यांनी ईएक्सटी४ मध्ये केलेली एक दुरुस्ती होती, आणि दुरुस्ती खरोखर गरजेची होती.

दोष असा होता. एखादा प्रोग्राम फाइलच्या शेवटी नवा मजकूर जोडतो. डायरेक्ट आयओने लिहितो आणि वर ओ-सिंक ही अट घालतो, म्हणजे लेखन डिस्कवर पक्कं झाल्याशिवाय परत येऊ नकोस. ईएक्सटी४ मजकूर लिहायची, तो पक्का करायची आणि फाइलचा वाढलेला आकार मात्र त्यानंतर नोंदवायची. नेमक्या त्या फटीत वीज गेली, तर मजकूर डिस्कवर आहे पण फाइल जुन्याच लांबीची आहे, असं व्हायचं. पक्कं झाल्याचं वचन दिलेला मजकूर कुणालाच दिसायचा नाही. कारा यांनी आकाराची नोंद त्या शेवटच्या आटपाआटपीच्या फंक्शनमध्ये हलवली, म्हणजे पक्कं करण्याच्या आधी. हे करताना ते फंक्शन शून्याऐवजी किती बाइट लिहिले तो आकडा परत देऊ लागलं.

नव्या कर्नलमध्ये याने काहीच बिघडत नाही. बाइटचा आकडा ऋण नसतो, त्यामुळे पोझिशन सरकते. जुन्या कर्नलमध्ये तो शून्य नसतो, त्यामुळे पोझिशन जागची हलत नाही.

जुलैमधली आवराआवर आणि नोव्हेंबरमधली दुरुस्ती यांचं नातं एवढंच, आणि ते दोन वेगळ्या डिरेक्टरींमधल्या दोन वेगळ्या फाइलींमध्ये विभागलेलं. पॅच जुन्या शाखेवर लावला की तो विनातक्रार बसतो, कोड कंपाइल होतो, मशीन चालू होतं. डेटा वाचवण्यासाठी केलेली दुरुस्ती होती म्हणूनच तर ती जुन्या शाखांकडे निघाली.

३६० तास आधी: २४ नोव्हेंबर

कर्नलच्या जुन्या शाखांसाठी ठरावीक काळाने पॅचचा गठ्ठा निघतो. ग्रेग क्रोआ-हार्टमन तो परीक्षणासाठी जाहीर करतात आणि साधारण दोन दिवसांची मुदत देतात. त्या मुदतीत जगभरच्या चाचणी-प्रयोगशाळा तो कर्नल बांधतात, चालवतात आणि निकाल कळवतात. त्या शुक्रवारी निघालेल्या ५.१५.१४० च्या गठ्ठ्यात २९७ पॅच होते. लिनारो या संस्थेच्या प्रयोगशाळेने त्यावर लिनक्स टेस्ट प्रोजेक्टच्या चाचण्या चालवल्या, आणि प्रीॲडव्ही-०३ नावाच्या चाचणीने लाल निकाल दिला.

ही चाचणी काय करते ते जवळून बघू. ती आधी एक रिकामी इमेज फाइल तयार करते, काहीशे मेगाबाइटची. मग कर्नलच्या लूप-कंट्रोल या दाराशी मोकळ्या लूप डिव्हाइसची विचारणा करते. बहुतेक वेळा शून्य क्रमांकाचं मिळतं. इमेज फाइल त्याला जोडली की कर्नलच्या दृष्टीने ती फाइल राहत नाही, ब्लॉक डिव्हाइस होते. तिच्यावर फाइल सिस्टिम घातली जाते आणि ती माउंट होते. एक फाइल सिस्टिम झाली की त्याच लूप डिव्हाइसवर पुढची: ईएक्सटी२, ईएक्सटी३, ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस आणि मशीनवर असतील त्या बाकीच्या.

प्रत्येक वेळी आत एक फाइल डायरेक्ट आयओने उघडली जाते. मेमरीतला ५१२ बाइटचा तुकडा पूर्णपणे इंग्रजी लहान 'ए'ने भरून लिहिला जातो. मग तोच तुकडा 'बी'ने भरून लिहिला जातो. दुसरं लेखन कुठे करायचं हे चाचणी सांगत नाही; पोझिशन ५१२ वर गेलेली असणार, हे गृहीत आहे. गेली पन्नासहून जास्त वर्षं युनिक्सच्या जगातल्या असंख्य प्रोग्रामनी हे गृहीत धरलं आहे. शेवटी चाचणी शून्यापासून वाचते तेव्हा तिथे 'ए' हवेत, आणि ५१२ पासून वाचते तेव्हा 'बी' हवेत.

'ए'चा सांकेतिक आकडा षोडशमान पद्धतीत ६१, 'बी'चा ६२. निकालातली पहिली ओळ म्हणत होती की शून्याव्या जागी ६१ अपेक्षित होतं, सापडलं ६२. दुसरी ओळ म्हणत होती की ५१२ बाइट वाचायला हवे होते, शून्य बाइट वाचले गेले.

या दोन ओळींत सगळं निदान आहे. पहिल्या ब्लॉकच्या जागी दुसऱ्याचा मजकूर बसला आहे आणि दुसऱ्याच्या जागी फाइलच अस्तित्वात नाही. दुसरं लेखन पहिल्यावर पडलं, पोझिशन सरकलीच नाही. डेटा खराब झाला म्हटलं की आपल्याला वेडीवाकडी अक्षरं आठवतात. इथे प्रत्येक अक्षर शुद्ध होतं, फक्त जागा चुकली होती.

लूप डिव्हाइसवर चाचणी नापास झाली की पहिला संशय लूपवरच जातो, आणि त्याला कारण आहे. चाचणी आणि लोखंडी डिस्क यांच्यामध्ये बरेच थर साचलेले असतात. तपासायची फाइल सिस्टिम, तिच्याखाली लूप ड्रायव्हर, त्याखाली इमेज फाइल, ती जिच्यावर ठेवली आहे ती दुसरी फाइल सिस्टिम, आणि मग डिस्क. इमेज फाइल बहुधा विरळ असते, म्हणजे तिचा आकार मोठा दिसतो पण प्रत्यक्ष जागा लिहील तशी व्यापली जाते. खालच्या डिस्कची जागा संपली तर वरच्या फाइल सिस्टिमला जागा संपल्याचं कळत नाही. तिला ब्लॉक डिव्हाइसकडून आयओ एरर येते आणि डिस्क मरायला टेकली आहे असं वाटतं. त्यामुळे कर्नल लॉगमध्ये लूपच्या नावाची आयओ एरर आहे का, हे आधी बघायचं. आधीच्या चाचणीचं लूप सुटलंय का, की डेस्कटॉपच्या एखाद्या सेवेने ते परस्पर माउंट करून ठेवलंय, हे बघायचं. लूप ड्रायव्हर खालच्या फाइलशी सहसा पेज कॅशमधूनच बोलतो, वरची चाचणी डायरेक्ट आयओ वापरत असली तरी. वेगळं सांगितलं तरच तो खालीही थेट लिहितो. वेळा मोजताना हे विसरलं की आकडे भलतेच येतात. आणि चाचणी खरंच चालली का, हेही बघायचं. फॉरमॅट करणारं साधन मशीनवर नसेल तर लिनक्स टेस्ट प्रोजेक्टची चाचणी ती फाइल सिस्टिम सोडून पुढे जाते आणि तसं नोंदवते. अहवालात लाल काही दिसत नाही म्हणून ती सोडलेली ओळ पास समजणारे लोक माझ्या पाहण्यात आहेत. ही सवय नापास निकालापेक्षा घातक आहे.

पण इथे लूपला निर्दोष सोडायला एक तुलना पुरते. तेच लूप डिव्हाइस, तीच इमेज फाइल, तोच प्रोग्राम, तेच दोन ब्लॉक. एक्सएफएसही आयओमॅपमधूनच लिहिते, पण तिचं शेवटचं फंक्शन शून्य परत देतं, म्हणून तिथे पोझिशन सरकते. म्हणजे लूप ठीक आहे आणि आयओमॅपचा जुना कोडही आपल्या जागी ठीक आहे. ईएक्सटी४ची दुरुस्ती नव्या कर्नलमध्ये चालते, म्हणजे तीही ठीक आहे. उरते ती फक्त त्या दोघांची जोडी: नवी दुरुस्ती आणि जुना आयओमॅप. अशी जोडी जुन्या शाखेतच जमू शकते, आणि तिथे ती जमली होती.

लूपवरची चाचणी मला म्हणून प्रिय आहे. खऱ्या डिस्कवर फर्मवेअर असतं, केबल असते, कॅश असते. दोष कुणाचा यावर आठवडे घालवता येतात. इमेज फाइल हातात असते. तिची प्रत काढून ठेवता येते, ती दुसऱ्याकडे पाठवता येते, बाइट बाइट वाचता येते. निकाल पुन्हा काढायला कुठलंही मशीन चालतं.

२६४ तास आधी: २८ नोव्हेंबर

६.१.६४ प्रसिद्ध झालं, ईएक्सटी४ची दुरुस्ती आत घेऊन. तिची जोडीदार आवराआवर आत नव्हती.

लाल दिवा लागला होता तो ५.१५ च्या गठ्ठ्यावर. त्याच दिवसांत परीक्षणाला निघालेल्या ६.१ मध्येही तोच पॅच होता. मला या सबंध प्रकरणात इथे थांबावंसं वाटतं. चाचणीचा निकाल आपण शाखेच्या नावावर लिहितो: ५.१५ नापास, ६.१ चा अहवाल वेगळा, ६.६ चा आणखी वेगळा. पण प्रीॲडव्ही-०३ ने ५.१५ बद्दल काही सांगितलं नव्हतं, तिने त्या एका पॅचबद्दल सांगितलं होतं. तो पॅच जिथे जिथे गेला तिथे तिथे हा निकाल त्याच्या मागोमाग जायला हवा होता. गठ्ठ्यात शेकडो पॅच, शाखा अर्धा डझन, मुदत दोन दिवसांची आणि परीक्षण करणारी माणसं मोजकी. कुणा एकाच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवणं मला पटत नाही. निकाल पॅचला चिकटवून ठेवणारी व्यवस्था नव्हती, हे मात्र म्हणायलाच हवं.

१४४ तास आधी: ३ डिसेंबर

६.१.६५ आलं. दोष तसाच.

आता अशा मशीनवर काय होत असणार ते पाहू. डीडी हा नकला करणारा जुना प्रोग्राम आहे. त्याला थेट लिहायला सांगून ४ किलोबाइटचे दोन ब्लॉक ईएक्सटी४वर लिहिले, तर तो सांगेल की दोन नोंदी आत आल्या, दोन बाहेर गेल्या, ८१९२ बाइटची नक्कल झाली. चुकीचा संदेश नाही, बाहेर पडतानाचा कोड शून्य. फाइलचा आकार बघितला तर ४०९६. आत फक्त दुसरा ब्लॉक. हेच एक गिगाबाइटच्या बॅकअपला एकेक मेगाबाइटच्या ब्लॉकने केलं तर मागे उरते एक मेगाबाइटची फाइल, आणि तिच्यात बॅकअपचा शेवटचा मेगाबाइट. फाइल आधीपासून मोठी असेल आणि तिच्यावर नवा मजकूर लिहिला जात असेल, तर आकारसुद्धा शंका येऊ देणार नाही.

एफएससीके हे फाइल सिस्टिम तपासणारं साधन चालवलं तर ते ती स्वच्छ असल्याचंच सांगेल, आणि ते खरं बोलेल. आयनोड बरोबर, ब्लॉकचा हिशेब बरोबर, जर्नल बरोबर. फाइल सिस्टिमची रचना कुठेच मोडलेली नव्हती. तिला जिथे लिहायला सांगितलं तिथेच तिने लिहिलं होतं. कर्नल लॉगमध्येही एक ओळ नाही.

मोठ्या डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीन वाचण्याची शक्यता होती. त्यांतल्या बहुतेक प्रत्येक लेखनाबरोबर जागा स्वतः सांगतात, पोझिशनवर विसंबत नाहीत. जागा सांगून लिहिणाऱ्या सिस्टिम कॉलला या दोषाचा त्रास नव्हता. फाइलच्या शेवटी जोडण्यासाठीच उघडलेल्या फाइलीही बचावत होत्या, कारण तिथे प्रत्येक लेखनाआधी जागा फाइलच्या आकारावरून नव्याने ठरते. सापडणार होते ते साधे, सरळ रेषेत लिहिणारे प्रोग्राम: नकला करणारे, बॅकअप घेणारे, कुणीतरी कार्यालयात लिहून ठेवलेले आणि रात्री आपोआप चालणारे.

९६ तास आधी: ५ डिसेंबर

यान कारा चाचणीच्या त्या निकालाकडे परत आले आणि त्यांनी मुळापर्यंत जाऊन कारण लिहिलं: आयओमॅपमधला जुलैचा बदल जुन्या शाखांमध्ये नाही, म्हणून पोझिशन सरकत नाही, म्हणून डायरेक्ट आयओची लेखनं चुकीच्या जागी पडतात. ६.५ च्या आधीच्या ज्या ज्या शाखेत ही दुरुस्ती गेली आहे तिथून ती तातडीने काढा, नीट बॅकपोर्ट कसा करायचा ते नंतर ठरवू, अशी त्यांनी विनंती केली. किमान ६.१ मध्ये ती अजून आहे, हेही त्यांनी सांगितलं.

दुरुस्ती त्यांची स्वतःची होती. आधी ती काढून टाका, लोकांचा डेटा खराब होणं थांबू दे, माझं काम मागाहून बघू, हा क्रम त्यांनी लावला. मला या गोष्टीचा आदर वाटतो आणि तो इथे नोंदवून ठेवतो.

विषयाच्या ओळीतही त्यांनी ६.१ मध्ये ईएक्सटी४चा डेटा खराब होत असल्याचं स्पष्ट लिहिलं. खाली मात्र तो ५.१५ च्या परीक्षणाला आलेल्या उत्तरांचाच धागा राहिला. त्या आठवड्यात डेबियनची रिलीज टीम शनिवारच्या तयारीत होती. १२.३ सारख्या पॉइंट रिलीजच्या आधीचे काही दिवस नव्या पॅकेजांना दार बंद असतं. आत काय जायचं ते ठरलेलं, त्यावर फक्त शेवटचा हात फिरवायचा. आत ठरलेलं कर्नल होतं ६.१.६४-१, पॅकेजच्या नावात ६.१.०-१४.

२४ तास आधी: ८ डिसेंबर

शुक्रवारी ६.१.६६ आलं. त्यात जुलैची ती आवराआवर ६.१ मध्ये मागून आणली गेली, आणि जोडी जमली. आता त्याच लूपवर तेच दोन ब्लॉक लिहिले तर शून्यावर ६१ आणि ५१२ वर ६२. उगमस्थानी प्रश्न संपला होता.

डेबियनच्या शनिवारच्या गठ्ठ्यात मात्र ६.१.६४ तसंच होतं. दोन्ही ठिकाणी माणसं आपापलं काम चोख करत होती.

शून्य तास: शनिवार, ९ डिसेंबर

पॉइंट रिलीज सुरू झाली. हे काम टप्प्याटप्प्याने होतं: आधी पॅकेजं स्थिर आवृत्तीत हलवली जातात, मग मिरर ती उचलायला लागतात, मग इन्स्टॉलेशनच्या इमेज बांधून तपासल्या जातात. डेबियनच्या दोषनोंदीत १०५७८४३ क्रमांकाची नोंद पडली: ६.१.६४-१ मध्ये ईएक्सटी४चा डेटा खराब होतो. ती पडली तेव्हा पॅकेजं मिररच्या वाटेला लागली होती.

इमेज थांबवता आल्या आणि त्या थांबवल्या. डेबियनने जाहीर केलं की १२.३ च्या इमेज आज निघणार नाहीत, सध्या कुणीही आपलं मशीन अपग्रेड करू नये, आणि ज्यांच्याकडे अपग्रेड आपोआप होतात त्यांनी विशेष काळजी घ्यावी. सुरक्षेसाठी वर्षानुवर्षं आपण ज्यांना सांगत आलो की अपग्रेड लांबवू नका, आपोआप होऊ द्या, त्यांनाच एका दुपारी उलट सांगावं लागलं. सूचना वाचणाऱ्या माणसापर्यंत ती पोचते. कपाटातल्या सर्व्हरपर्यंत ती पोचत नाही. तो ठरल्या वेळी जागा होतो, मिररला विचारतो आणि नवं कर्नल उचलतो. पुढच्या रीबूटला ते चालू होतं.

एक दिलासा होता. कर्नल नुसतं उतरलं म्हणजे चालू झालं असं नाही, रीबूट व्हावं लागतं. आणि डेबियन जुनं कर्नल बूटच्या यादीत ठेवते. शनिवारी सावध असलेल्यांनी रीबूट टाळलं किंवा यादीतून आधीचं कर्नल निवडलं.

२४ तासांनंतर: रविवार, १० डिसेंबर

डेबियन १२.४ निघाली, ६.१.६६ हे कर्नल घेऊन, पॅकेजच्या नावात ६.१.०-१५. घोषणेत म्हटलं होतं की १२.३ ची जागा १२.४ घेते आहे. एका रात्रीत कर्नलचं नवं पॅकेज बांधायचं, इमेज नव्याने तयार करून तपासायच्या. हे काम करणारे बहुतेक जण स्वयंसेवक आहेत, हे डेबियन वापरणाऱ्याने लक्षात ठेवावं.

प्रकरण तिथेही पुरतं मिटलं नाही. ६.१.६६ मध्ये वाय-फायच्या कोडमधल्या एका बदलाने काही लॅपटॉपचं नेटवर्क अडकायला लागलं. तो बदल सोमवारी, ११ डिसेंबरला ६.१.६७ मध्ये मागे घेतला गेला, आणि डेबियनमध्ये ६.१.०-१६ आलं. डेटा खराब होण्यापुढे नेटवर्क अडकणं किरकोळ. ते निदान दिसतं तरी.

ज्यांच्या मशीनवर त्या दिवसांत ६.१.६४ किंवा ६.१.६५ चालू होतं त्यांच्यासाठी काम उरतं, आणि ते अजूनही करण्यासारखं आहे. सिस्टिमच्या जुन्या नोंदींमध्ये बूटच्या वेळी कर्नलची आवृत्ती लिहिलेली असते. त्यावरून कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते कर्नल चालू होतं हे काढता येतं. त्या काळात ईएक्सटी४वर डायरेक्ट आयओने लिहिणारे आपले प्रोग्राम कोणते, याची यादी करायची. बॅकअपच्या फाइलींचे आकार आदल्या आठवड्याच्या आकारांशी ताडून बघायचे. जिथे फाइल अचानक एका ब्लॉकएवढी झाली आहे तिथे शोध संपला. आकार जुळत असला तरी मूळ फाइल आणि प्रत यांचे चेकसम काढून ताडायचे. एफएससीकेवर अवलंबून राहायचं नाही. मूळ फाइल दरम्यान पुसली गेली असेल तर त्या प्रतीतून ती परत मिळणार नाही, कारण वर पडलेल्या प्रत्येक ब्लॉकने आधीचा ब्लॉक जागेवरच नाहीसा केला आहे. अशा वेळी २८ नोव्हेंबरच्या आधीची प्रत शोधायची आणि तिथून पुढे सुरू करायचं.